लिव्हरपूलचा मुनीम आणि माझं मळकं इंजिन

रात्रीचे अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सबमिशन. तरी आमच्या होस्टेलच्या खोलीत सहा पोट्टे एका मोबाईलभोवती असे दाटीवाटीने बसले होते, की बघणाऱ्याला वाटावं भारताची शेवटची ओव्हर सुरू आहे. प्रत्यक्षात सुरू होता एक ऑनलाइन लिलाव! वस्तू होती वीतभरही नसलेलं, विजेवर पळणारं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. बोली सहा हजारांपासून निघाली होती आणि आता अकराच्या पुढे गेली होती. पलीकडे कोणीतरी अनोळखी माणूस पाचशे वाढवत होता आणि मी त्याच्यावर पाचशे. शेवटची पंधरा सेकंदं. मित्र ओरडले, मी बटण दाबलं आणि जिंकलो. किंमत रुपये अठरा हजार तीनशे, कुरियरचे चारशे वेगळे.

जिंकल्याचा आनंद साधारण दहा मिनिटं टिकला. मग लक्षात आलं की तेच मॉडेल, स्वच्छ आणि न वापरलेलं, दुसऱ्या एका संग्राहकाने अकरा हजारांना काढलेलं होतं. मी वरचे सात हजार मोजले ते मळाचे!

मळाचे म्हणजे काय, ते सांगतो. मॉडेल रेल्वेच्या छंदात वेदरिंग नावाची एक कला आहे. कारखान्यातून आलेलं चकचकीत मॉडेल खऱ्या इंजिनासारखं दिसावं म्हणून त्यावर काजळी, गंज, धूळ, तेलाचे डाग रंगवायचे. हात बसलेला कलाकार असेल तर बोटभर इंजिन खरोखर चाळीस वर्षं राबल्यासारखं दिसतं. माझ्या इंजिनाच्या जाहिरातीत ते तज्ज्ञाच्या हातचं असल्याचं लिहिलं होतं आणि फोटो सगळे एकाच बाजूने, अंधूक उजेडात काढलेले होते. आपल्याकडे ही मॉडेल्स मुळातच महाग. खेळण्यांवरची आयात-जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेली. त्यात तज्ज्ञाचा हात म्हटल्यावर बोली चढणारच.

पार्सल आलं. उघडलं. आणि बावा, काय सांगू! वरपासून खालपर्यंत एकच तपकिरी फवारा मारलेला. खिडकीच्या काचांवर, नंबरावर, चाकांवर, सगळीकडे सारखाच. एक सुटलेला भाग चिकटवताना गोंदाची पांढरी वाफ बसलेली आणि टपावर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. रुळावर ठेवलं तर हलेचना. आपण इंजिनियर ना, लावला मल्टीमीटर. या मॉडेलला १२ व्होल्टचा डीसी पुरवठा रुळांतून चाकांमार्फत मिळतो, आणि चाकांच्या कडांवर तर रंगाचा थर. वीज जाणार कुठून? विक्रेत्याला कळवलं. फोटो बघूनच घेतलं ना, अशा अर्थाचं दोन ओळींचं उत्तर आलं आणि विषय संपला.

खरी पंचाईत पुढेच होती. या इंजिनासाठी दहा हजार रुपये माझ्या आबांनी पेन्शनमधून दिले होते. आबा मूर्तिजापूरच्या नॅरोगेज शेडमध्ये फिटर होते. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला त्यांनी वाफेवर चालताना सांभाळली आहे. हातात धरता येईल असं एक वाफेचं इंजिन घरात असावं, ही त्यांची जुनी हौस. वरचे आठ हजार सातशे मी मेसच्या आणि परीक्षा फॉर्मच्या पैशातून घातले आणि घरी सांगितलं की इंजिन नऊ हजारांत भेटलं. शनिवारी अमरावतीहून अकोल्याला घरी गेलो. आबांनी चष्मा पुसला, इंजिन खिडकीपाशी नेलं, बराच वेळ फिरवून पाहिलं. मग एवढंच विचारलं की हे इंजिन चिखलात बुडालं होतं काय? काहून की चालणाऱ्या इंजिनावर असा मळ बसतच नाही, म्हणे.

मला काही उत्तर सुचलं नाही. बोलायचं टाळायला म्हणून खोक्याकडे बघत बसलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव होतं, हॉर्नबी. मला वाटायचं हे एखाद्या गावाचं नाव असेल. त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून शोधायला लागलो आणि एका माणसाच्या गोष्टीत शिरलो. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, मित्रांनो.

फ्रँक हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. हे साल आणि हे गाव वाचून वऱ्हाडच्या माणसाने जरा थांबावं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं, तिथला कापूस बंद पडला होता आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी होत्या. जगातलं मोठं कापूस-बंदर म्हणजे लिव्हरपूल. तिथल्या दलालांची नजर तेव्हा आपल्या काळ्या मातीकडे वळली. अकोला, अमरावती, खामगावच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच धांदलीच्या वर्षांत रेल्वेचे रूळ वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचा कापूस ज्या गोदीवर उतरत होता, त्या गावात हे पोर वाढत होतं. गावही रेल्वेचंच. वाफेच्या इंजिनांवर दोन मोठी शहरं जोडणारी पहिली रेल्वे, लिव्हरपूल ते मँचेस्टर, १८३० मध्ये तिथूनच निघाली.

फ्रँकचे वडील अन्नधान्य आणि खाण्याच्या मालाचे व्यापारी. पोराला शाळेचा मनस्वी कंटाळा, दांड्या मारण्यात पटाईत. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच दुकानात रोखपाल म्हणून बसला. इंजिनियरिंगचं शिक्षण? शून्य. पण लहानपणी सॅम्युअल स्माइल्सचं स्वावलंबनावरचं गाजलेलं पुस्तक त्याच्या हाती पडलं होतं. त्यात गरिबीतून वर आलेल्या, शंभरदा फसूनही न थांबलेल्या संशोधकांच्या कथा होत्या. त्या वाचून या पोराने काय ठरवावं? कायम चालणारं यंत्र बनवायचं! इंधन नको, वीज नको, एकदा फिरवलं की फिरतच राहील असं. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दिलेल्या आपल्यापैकी कोणालाही यावर हसू येईल, पण माझी हसायची हिंमत झाली नाही. निदान त्याने स्वतःच्या हाताने बनवून स्वतःच हरून पाहिलं होतं. मी तर फोटो बघून अठरा हजार घातले होते.

१८८७ मध्ये क्लारा नावाच्या शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे झाले, पॅट्रिशिया ही मुलगी झाली. १८९९ मध्ये वडील गेले आणि धंदा बंद पडला. वय छत्तीस, पदरात पोरं, आणि नोकरी मिळाली ती डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची. आपल्या भाषेत सांगायचं तर मुनीम. कापसाच्या जिनिंगमध्ये काचेच्या केबिनमागे खातेवही घेऊन बसलेला माणूस डोळ्यासमोर आणा, तसाच.

हा मुनीम संध्याकाळी घरी आला की पोरांसाठी खेळणी करायचा. पत्रा कापून पूल, ट्रक, याऱ्या म्हणजे क्रेन बनवायचा. पण एक याऱ्या बनवायची तर तिच्यासाठी लागणारा प्रत्येक तुकडा वेगळा कापा, वेगळा जोडा. पोरं दोन दिवसांत कंटाळणार, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं सांगतात की एका रेल्वेप्रवासात खिडकीतून त्याला एक याऱ्या दिसली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक खेळण्याचे वेगळे भाग करायचेच कशाला? अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या घ्यायच्या, त्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर सारखी भोकं पाडायची आणि नट-बोल्टने हवं ते जोडायचं. आज याऱ्या, उद्या ती खोलून पूल, परवा पूल खोलून गाडी. त्याच भोकातून दांडा घातला की तो आस झाला आणि तेच भोक झालं बेअरिंग.

आपण पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये इंटरचेंजेबिलिटीची व्याख्या पाठ करतो. या माणसाने ती स्वयंपाकघराच्या टेबलावर शोधली. आपल्यापैकी पुष्कळ जणांनी लहानपणी हिरव्या-लाल पट्ट्यांचा आणि पिवळ्या चाकांचा तो खेळ खेळलाय ना, ज्याचा एक तरी नट हमखास कपाटाखाली हरवायचा? त्याचा मूळ पुरुष हाच.

पण पेटंट घ्यायला पैसे कुठून आणायचे? हॉर्नबी आपल्या मालकाकडे गेला. काय बनवलंय, कशासाठी पैसे हवेत, ते सांगितलं आणि पाच पौंड उसने मागितले. एलियटने दिले. जानेवारी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि त्याच वर्षी पेटंट पदरात पडलं. पुढे कारखानदारांचे उंबरठे झिजवले, पण मांडणी इतकी साधी, इतकी ओबडधोबड की कोणी फारसं ढुंकून पाहिना. पगार तुटपुंजा, वेळ नाही. शेवटी एलियटनेच कचेरीला लागून असलेली रिकामी जागा दिली आणि दोघं भागीदार झाले.

१९०२ मध्ये संच बाजारात आला. नाव होतं मेकॅनिक्स मेड ईझी. वेगवेगळे भाग फक्त सोळा, सोबत बारा मॉडेल्सचं माहितीपत्रक आणि किंमत साडेसात शिलिंग. स्वस्त म्हणता येणार नाही, मजुराच्या घरात कित्येक दिवसांची कमाई त्यात गेली असती. पहिली वर्षं हातातोंडाची गाठ पडण्यात गेली. १९०३ मध्ये दीड हजार संच विकले गेले, तरी नफा नाहीच.

मग त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. माल चांगला आहे हे स्वतःच ओरडून सांगण्याऐवजी तो जाणकारांपुढे उघडून ठेवला. लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनियरिंगचे प्राध्यापक हील-शॉ यांनी तो तपासला आणि शिकवण्याच्या दृष्टीने पसंतीचं पत्र दिलं. हे नाव ओळखीचं वाटतंय? दोन काचांमधल्या फटीतून वाहणाऱ्या द्रवाच्या प्रवाहाला ज्यांचं नाव आहे ते हेच हील-शॉ! ज्या माणसाच्या नावाचं प्रकरण आम्ही फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ऑप्शनला टाकतो, त्याने एका मुनिमाच्या पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये इंजिनियरिंग पाहिलं.

१९०६ मध्ये थोडा नफा दिसला. १९०७ मध्ये मागणी एवढी वाढली की बाहेरून भाग करून देणारे पुरे पडेनात. हॉर्नबीने चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली, ड्यूक स्ट्रीटवर जागा भाड्याने घेतली आणि भाग स्वतः बनवायला लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवं नाव नोंदवलं, मेकॅनो. १९०८ मध्ये कंपनी झाली. एलियट तिच्यात आला नाही, सगळा भार एकट्या हॉर्नबीवर. आणि १९१४ मध्ये लिव्हरपूलच्याच बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला, जो पुढे साठहून जास्त वर्षं चालला.

त्याच्या धंद्याची रीत मला फार आवडली. लहान संच घेतला आणि वर्षभराने पैसे जमले तर मोठा संच नव्याने घ्यायची गरज नाही. मधला पूरक संच घ्या, दोन्ही मिळून मोठा होतो. एखादं चाक हरवलं, पट्टी वाकली तर तेवढाच भाग सुटा मिळे, आणि प्रत्येक भागाची किंमत यादीत छापलेली. लपवाछपवी नाही. गिऱ्हाईक वस्तू खोलून बघणार, हे गृहीत धरूनच ती बनवलेली. खोलणं हाच तर खेळ!

अर्थात माणूस पक्का व्यापारीही होता. १९१६ मध्ये त्याने मेकॅनो मॅगझीन सुरू केलं, ते वाचायला गोड होतं आणि जाहिरातही होती. पोरांचे क्लब काढले, त्यातूनही खपच वाढला. आणि एक गोष्ट खटकतेच. घरात मुलगी असूनही त्याची सगळी जाहिरात मुलग्यांसाठीच होती. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गातल्या मुलींची लेथवरची फिनिश बघितली असती तर त्याने ते धोरण नक्की बदललं असतं, असं मी वर्गात सुखाने राहायचं असल्यामुळे लिहीत नाही, खरंच वाटतं म्हणून लिहितोय.

आता माझ्या खोक्याकडे येतो. पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यातल्या आगगाड्या म्हणजे जर्मनीचा प्रांत. युद्धाने तो माल बंद झाला. १९२० मध्ये हॉर्नबीने स्वतःची पहिली आगगाडी आणली. चावीची, पत्र्याची, ३२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर पळणारी. आणि गंमत म्हणजे ती मेकॅनोसारखीच नट-बोल्टने जोडलेली होती! पोराने इंजिन खोलावं, आत काय आहे ते बघावं, पुन्हा जोडावं. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी आली. १९३४ मध्ये डिंकी नावाच्या चिमुकल्या ओतीव मोटारी आल्या, ज्या आज संग्राहक काचेच्या कपाटात ठेवतात.

त्याच १९३४ ची आणखी एक गोष्ट इंजिनियरच्या पोरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारं यंत्र बनवलं, आणि ते बहुतांशी मेकॅनोच्या भागांपासून. खर्च साधारण वीस पौंड. एम-थ्रीच्या पेपरमध्ये आपण ज्यांच्यापुढे हात टेकतो ती समीकरणं खेळण्याची चाकं सोडवत होती! कायम चालणारं यंत्र बनवायला निघालेला पोरगा या यंत्राची बातमी कळली तेव्हा मनात काय म्हणाला असेल?

तोवर हॉर्नबी लक्षाधीश झाला होता. १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून तो पार्लमेंटवर निवडून गेला, १९३५ पर्यंत खासदार होता. तब्येत मात्र साथ देईना. मधुमेह होता, हृदय थकलेलं होतं. २१ सप्टेंबर १९३६ ला लिव्हरपूलमध्येच तो गेला. वय त्र्याहत्तर. त्याच्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये त्याच्या कंपनीने निम्म्या आकाराच्या रुळांची डब्लो मालिका आणली. माझं १६.५ मिलिमीटर रुळांवरचं इंजिन त्याच मापाच्या घराण्यातलं. पुढे १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. नाव तेवढं खोक्यावर उरलं.

हे सगळं वाचून झालं तेव्हा पहाट झाली होती. डोक्यात एकच गोष्ट अडकून राहिली होती, ते पाच पौंड. पैसे नव्हते तेव्हा तो मालकापुढे उभा राहिला आणि कशासाठी हवेत ते खरं बोलला. माझ्याकडे पैसे नव्हते तेव्हा मी काय केलं? बोली वाढवली आणि घरी खोटं बोललो. आमच्या इकॉनॉमिक्सच्या सरांनी विजेत्याचा शाप शिकवला होता. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तेलकंपनीतल्या तीन इंजिनियरांनी दाखवून दिलं होतं की लिलावात जिंकतो तो बहुधा वस्तूची किंमत सगळ्यांत जास्त चुकीची धरणारा असतो. परीक्षेत मी त्यावर पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. उपयोग काय झाला?

सकाळी चहाच्या वेळी आबांना खरी रक्कम सांगितली. आबा रागावले नाहीत. उठले, कपाटातून त्यांची हिशेबाची वही काढली आणि माझ्या नावापुढे आठ हजार सातशे उधार लिहिले. मेसचे आणि फॉर्मचे पैसे ते भरणार, मी दर महिन्याला फेडणार. मग त्यांनी इंजिन पुढ्यात ओढलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला.

पुढचे दोन रविवार मी जे शिकलो ते चार सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. चार स्क्रू काढले की कवच वेगळं झालं. आतली मोटर, गिअर सगळं ठणठणीत होतं, म्हणजे मूळ बनवणाऱ्याचं काम चोख, घाण वरचीच. खालच्या बाजूला एका कोपऱ्यात आधी तपासून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने रंग उतरवायला सुरुवात केली. पुसायला काय? कापूस! आबा सांगत होते की शेडमध्ये इंजिन रोज कापसाच्या वेस्टने पुसलं जायचं, त्यामुळे राबणारं इंजिन मळकं असतं पण घाण नसतं. चाकांच्या कडा चकचकीत झाल्या. मल्टीमीटर बोलला. बारा व्होल्ट दिले आणि चाकं गरगर फिरली. आबांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दामच पाहिलं नाही.

मग आम्ही त्याला नव्याने मळवलं. पण यावेळी नियम आबांचा होता. डाग लावण्याआधी तो तिथे का पडेल, ते सांगायचं. सांगता आलं नाही तर डाग लावायचा नाही. काजळी वर बसते, काहून की धुराडं वर आहे. ब्रेक घासले जातात तिथे लोखंडाची तांबूस भुकटी, म्हणजे चाकांच्या आसपासच. दांड्यांच्या सांध्यांना तेलाची काळी झाक. पाणी गळतं तिथून क्षारांचे पांढरे ओघळ, आणि आपलं मूर्तिजापूर तर खारपाणपट्ट्यातलं, तेव्हा ओघळ जरा ठळकच. गंज फक्त तिथे, जिथे रंग खरवडला गेलाय. हँडल कधीच मळकं नसतं, ड्रायव्हरच्या हाताने ते घासून गुळगुळीत होतं. महागडे रंग आणलेच नाहीत. कोळशाची पूड, गेरू, खडूची पूड आणि एक जुना ब्रश. धुळीसाठी मी तपकिरी रंग घ्यायला लागलो तर आबांनी हात धरला. अंगणातली काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून दिली. तिची धूळ वाळली की राखाडी दिसते. पावडर टिकावी म्हणून वरून मॅट वार्निशचा हलका हात दिला. इंजिन इंग्लंडचं, मळ वऱ्हाडचा!

शकुंतला बंद पडून आता वर्षं झाली. तिचं १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेलं इंजिन १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत राबलं, मग डिझेल आलं, मग तेही थांबलं. ७६२ मिलिमीटरचा तिचा रूळ माझ्या इंजिनाच्या प्रमाणात १० मिलिमीटर होतो. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात, फरक एकाच मिलिमीटरचा. म्हणजे शकुंतलेचं मॉडेल करणं काही अशक्य नाही. आबांनी आठवणीतून बॉयलर, धुराडं, टपाची मापं कागदावर काढायला घेतली आहेत. पत्रा मी वर्कशॉपमधून मिळवणार आहे, अर्थात सरांना विचारून!

मित्रांनो, लिलावात भाग घेऊ नका असं मी म्हणणार नाही. जुनी वस्तू बघून तुमचाही हात शिवशिवणारच. पण बोली लावण्याआधी एवढं विचारा की विकणारा ती वस्तू तुम्हाला खोलून दाखवेल का? पट्ट्या-भोकांच्या मुनिमाने आयुष्यभर खोलता येईल असाच माल विकला. पाच पौंडांवर सुरू झालेलं त्याचं नाव म्हणूनच अजून टिकून आहे. माझ्या आठ हजार सातशेपैकी सहा हजार फिटलेत. दहावीच्या दोन पोरांची शिकवणी घेतो. उरलेले दोन हजार सातशे आबांच्या वहीत अजून उधार आहेत, आणि महिन्याच्या एक तारखेला ते वही उघडून बसतात. मुनीम सगळीकडे सारखेच!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी